संगणकाच्या तबकडीवरील विभागांचे एकत्रीकरण

प्राथमिक शाळांतून संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. आरंभी नवी असलेली यंत्रे जुनी झाली. त्यांवरील कामाचा बोजा मात्र वर्षानुवर्षे वाढतच गेला. अशा यंत्रांच्या बाबतीत एक अडचण नेहमी आढळते. 'सी' या अक्षराने ओळखला जाणारा विभाग काठोकाठ भरतो, त्याच्या नावाखालची निळी पट्टी तांबडी होते, यंत्र मंदावते आणि जागा शिल्लक नसल्याची सूचना पडद्यावर वारंवार येऊ लागते. त्याच वेळी शेजारचा 'डी' विभाग अर्ध्याहून अधिक मोकळा असतो. एका कणगीतून दाणे सांडावेत आणि लगतची कणगी रिती उभी असावी, तसा हा प्रकार होय. मग कोणीतरी सुचवितो की दोन्ही विभाग एक करावेत. ही सूचना चुकीची नसते. परंतु ती अमलात आणताना ऐकीव माहितीवर विसंबून हात घातला, तर दोन मिनिटांत 'डी' विभाग नाहीसा होतो आणि त्याबरोबर त्यातील सर्व कागदपत्रेही.

ही हानी लहानसहान नव्हे. प्रश्नपत्रिका पुन्हा तयार करता येतात, निकालपत्रके कागदावरून पुन्हा भरता येतात. परंतु ज्या शाळांनी जुन्या जनरल रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे घेऊन संगणकात ठेवली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी आहे. जातपडताळणीसाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा म्हणून माणसे दूरच्या गावांहून येतात. मूळ पान वाळवीने खाल्ले असेल अथवा घडीवर तुटले असेल, तर ते छायाचित्र हाच एक मार्ग उरतो. ही छायाचित्रे पुष्कळदा 'डी' विभागातच असतात, कारण ती तेथे सुरक्षित राहतात असा समज आहे. या समजाचा विचार पुढे येईलच.

विभाग म्हणजे काय

संगणकाची हार्ड डिस्क ही वस्तुतः एक सलग साठवणीची जागा आहे. ही जागा असंख्य लहान खणांत वाटलेली असते. प्रत्येक खणास क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत एका खणात ५१२ बाइट मावतात. तबकडीच्या अगदी पहिल्या खणात, ज्यास एमबीआर म्हणतात, विभागांची यादी लिहिलेली असते. त्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांना दिलेले आहेत, ६४ बाइट विभागांच्या यादीला आणि उरलेले २ बाइट केवळ खुणेसाठी. एका विभागाच्या नोंदीस १६ बाइट लागतात. त्यामुळे त्या यादीत चारच नोंदी मावतात. चारांहून अधिक विभाग हवे असल्यास चारांपैकी एका नोंदीच्या पोटात उपविभाग पाडावे लागत. नव्या यंत्रांवर जीपीटी नावाची दुसरी पद्धत असते. तिच्यात विंडोज १२८ विभागांपर्यंत नोंद ठेवू शकते.

खेड्यातील शिक्षकास आणि विद्यार्थ्यास हे समजण्यास शेतीचे उदाहरण फार उपयोगी पडते. तबकडी म्हणजे एक लांबट शेत. त्यातील विभाग म्हणजे बांध घालून केलेले तुकडे. विभागांची यादी म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातील नोंद, कोणत्या गटाची हद्द कोठून कोठपर्यंत आहे हे सांगणारी. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी व जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला. विखुरलेले तुकडे कसण्यास परवडत नाहीत, ते एकत्र आणावेत, हा त्यामागील विचार होता. आणि संगणकाच्या बाबतीतही गरज हीच आहे. परंतु हा दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो आणि नेमके तेच ठिकाण धोक्याचे आहे. शेतातील बांध फोडला तरी दोन्ही बाजूंचे पीक उभेच राहते. संगणकात तसे होत नाही. 'डी' विभाग काढून टाकणे म्हणजे केवळ बांध फोडणे नसून त्या तुकड्याची संपूर्ण नोंद दप्तरातून खोडणे होय. ज्या जमिनीची नोंद नाही ती संगणकाच्या दृष्टीने पडीक ठरते आणि तिच्यावर नवे काहीही पेरण्यास तो मोकळा होतो.

वरच्या वर्गात हे दाखविणे सोपे आहे. कागदाच्या एका लांब पट्टीवर वीस चौकोन आखावेत, त्यांत मुलांची नावे लिहावीत आणि कोणते नाव कितव्या चौकोनात आहे याची अनुक्रमणिका वेगळ्या चिठ्ठीवर करावी. मग पट्टी उलटी ठेवून चिठ्ठी फाडावी. नावे पट्टीवर जशीच्या तशी आहेत, पण एकही सापडत नाही. विद्यार्थ्यांच्या मनात ही गोष्ट पुस्तकातील व्याख्येपेक्षा खोल ठसते.

विभाग का पाडीत असत

आयबीएम कंपनीने १९८३ साली १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला एक्सटी संगणक बाजारात आणला, तेव्हापासून विभागांची ही यादी चालत आली आहे. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी आधीच राखून ठेवलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी गेल्या, तरी अक्षरे तशीच राहिली. त्या काळच्या फॅट १६ या मांडणीत एक विभाग २ गिगाबाइटांहून मोठा करता येत नसे. पुढे ४ गिगाबाइटांच्या तबकड्या आल्या, तेव्हा त्यांचे किमान दोन तुकडे करणे भागच पडले. १९९६ साली आलेल्या फॅट ३२ ने ही अट दूर केली आणि आज सर्वत्र प्रचारात असलेल्या एनटीएफएसमध्ये तर तिचा प्रश्नच नाही. तरीही संगणक जोडून देणाऱ्या कारागिरांची सवय टिकून राहिली. ५०० गिगाबाइटांची तबकडी असली तरी 'सी'ला १०० आणि बाकी 'डी'ला, अशी वाटणी सर्रास झालेली दिसते. ज्या वेळी ती केली त्या वेळी १०० गिगाबाइट भरपूर वाटले असतील. विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते अपुरे पडत गेले.

वाटणीच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. विंडोज बिघडून 'सी' पुसून पुन्हा बसवावे लागले, तर 'डी'मधील कागदपत्रे वाचतात. यावरूनच 'डी' सुरक्षित असल्याचा समज रूढ झाला. परंतु 'सी' आणि 'डी' ही एकाच तबकडीची दोन अंगे आहेत. तबकडी पडली, जळली किंवा झिजून बंद पडली, तर दोन्ही एकदमच जातात. 'सी'मधील छायाचित्रांची एक प्रत 'डी'मध्ये ठेवणे म्हणजे एकाच घराच्या दोन खोल्यांत दागिने ठेवून घराला आग लागणार नाही असे मानणे होय. दुसरी प्रत दुसऱ्या वस्तूवर असली, तरच तिला प्रत म्हणावे.

गरज आहे काय

एकत्रीकरणास हात घालण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे काय, हे पाहावे. पुष्कळ ठिकाणी नसते. 'डाउनलोड्स' या पुडक्यात वर्षभराची परिपत्रके, दोन-दोन तीन-तीन वेळा उतरवून घेतलेली, साचलेली असतात. शैक्षणिक चित्रफिती डेस्कटॉपवरच पडून असतात; आणि डेस्कटॉप हा 'सी' विभागाचाच भाग आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते. असे सामान 'डी'मध्ये हलविले, कचरापेटी रिकामी केली आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' या सदरातून तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या, तर कित्येकदा वीस-तीस गिगाबाइट मोकळे होतात. यात धोका फारच थोडा. एवढे करूनही 'सी' भरलेलाच राहिला, तरच पुढील मार्ग धरावा.

पूर्वतयारी

विंडोजच्या स्वतःच्या साधनात दोन विभाग एक करण्याची थेट आज्ञा नाही. 'डी'मधील सर्व काही बाहेर नेऊन ठेवावे, 'डी' काढून टाकावा, मोकळी झालेली जागा 'सी'ला जोडावी आणि बाहेर नेलेले परत आणावे, अशी ही चार पावलांची वाट आहे. यांतील पहिल्या पावलावरच सारी मदार असल्यामुळे त्यास लागेल तेवढा वेळ द्यावा. बाकीची तीन पावले मिळून अर्ध्या तासाचीही नाहीत.

प्रथम 'डी'मध्ये किती सामान आहे हे मोजावे. ५०० गिगाबाइटांची तबकडी विंडोजमध्ये सुमारे ४६५ गिगाबाइट दिसते, याचे आश्चर्य वाटू नये. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक. म्हणून ६४ गिगाबाइटांचा पेनड्राइव्हही ६० च्या आतच भरतो. समजा, 'सी' १०० आणि 'डी' ३६५ आहे व 'डी'मध्ये ४८ गिगाबाइट सामान आहे. तर असा एक पेनड्राइव्ह पुरेल, परंतु बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क मिळाल्यास ती अधिक बरी. पेनड्राइव्ह फॅट ३२ मांडणीचा असेल, तर ४ गिगाबाइटांची किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर जाणार नाही. स्नेहसंमेलनाच्या लांब चित्रफिती येथेच अडतात आणि घाईत मागे राहून जातात.

सामान 'कट' करून हलवू नये, 'कॉपी' करावे. नकल पूर्ण झाल्यावर दोन्ही ठिकाणचे सर्व निवडून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि फाइलींची संख्या व 'साइझ' हा आकडा ताडून पाहावा. त्याखालीच 'साइझ ऑन डिस्क' असा दुसरा आकडा असतो. तो मांडणीनुसार बदलतो, तो जुळला नाही तरी चिंतेचे कारण नाही. लपविलेल्या फाइली दिसू लागतील अशी योजना मोजणीपूर्वीच करावी. यानंतर तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावून काही फाइली उघडून पाहाव्यात: एखादे जुने छायाचित्र, एखादी मोठी चित्रफीत, एखादे निकालपत्रक. आकडे जुळले म्हणजे फाइल उघडेलच असे नव्हे. उघडली म्हणजेच ती आहे. जनरल रजिस्टरासारखे दुर्मिळ सामान असेल, तर दोन वेगवेगळ्या वस्तूंवर दोन प्रती कराव्यात.

'डी'मध्ये केवळ कागदपत्रेच असतात असे नाही. काही ठिकाणी मराठी टंकलेखनाची अथवा हिशेबाची आज्ञावली 'डी'वर बसविलेली असते. ती नकल करून परत ठेवल्याने चालेलच असे नाही. ती रीतसर काढून 'सी'वर पुन्हा बसवावी लागते. तिची मूळ प्रत आणि परवाना क्रमांक आधीच शोधून ठेवावेत. 'डॉक्युमेंट्स' हे पुडके कोणी 'डी'वर वळविले असेल, तर तेही आधी आपल्या मूळ जागी आणावे.

यंत्रावर बिटलॉकरचे कुलूप आहे काय, हे पाहावे. नव्या यंत्रांवर ते आपोआप लागलेले असू शकते. असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्यावी आणि काम होईपर्यंत कुलूप तहकूब ठेवावे. ही किल्ली कोणत्या खात्याशी जोडलेली आहे, हे संगणक बसविणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, आणि तो शिक्षक बदली होऊन गेला आहे, असे होऊ नये म्हणून मुख्याध्यापकांनी ती दप्तरी नोंदवून ठेवावी.

प्रत्यक्ष कृती

भारनियमनाची वेळ टाळून, यूपीएस असलेल्या यंत्रावर किंवा पूर्ण भारित लॅपटॉपवर, प्रशासकाच्या खात्यातून हे काम करावे. स्टार्टच्या खुणेवर उजवी कळ दाबली असता 'डिस्क मॅनेजमेंट' हे नाव दिसते. ते उघडल्यावर खालच्या अर्ध्या भागात 'डिस्क ०' या नावापुढे तबकडीचा आडवा नकाशा येतो. येथे थोडे थांबून नकाशा कागदावर उतरवून घ्यावा. 'सी'च्या उजवीकडे लगेच 'डी' आहे काय, की मध्ये रिकव्हरी नावाचा एखादा लहान विभाग आहे, हे प्रथम पाहावे. कारण विंडोजचा नियम एकच आणि कडक आहे. विभाग वाढावयाचा तो उजवीकडेच आणि तोही लगतच्या मोकळ्या जागेतच. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर तिचा नकाशा 'डिस्क १' म्हणून त्याखाली दिसतो. चुकून तिलाच हात लागू नये, म्हणून नकला घेतलेल्या वस्तू या वेळी यंत्रापासून काढून ठेवलेल्या बऱ्या.

'डी'वर उजवी कळ दाबून 'डिलीट व्हॉल्यूम' निवडावे. येणारी सूचना वाचून संमती द्यावी. त्या जागी काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' हा शब्द दिसू लागतो. जुन्या एमबीआर यंत्रांवर 'डी' हा उपविभाग असेल, तर काळी पट्टी न येता हिरवी येते आणि 'फ्री स्पेस' असे शब्द येतात. ही जागा अजून जुन्या कुंपणाच्या आतच आहे. तिच्यावर पुन्हा उजवी कळ दाबून तेही काढावे, मगच पट्टी काळी होते. तेथे दुसरा उपविभाग नाही ना, याची खात्री आधी करावी. पुष्कळांचे काम या हिरव्या पट्टीपाशीच अडते आणि संगणक बिघडला असे समजून ते सोडून देतात.

आता 'सी'वर उजवी कळ दाबून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडावे. पुढील खिडकीत किती जागा जोडावयाची ते मेगाबाइटांत विचारले जाते. ३६५ गिगाबाइटांचे ३,७३,७६० मेगाबाइट होतात. तेथे संपूर्ण आकडा आधीच भरलेला असतो, तो तसाच ठेवावा. काही क्षणांत 'सी' ४६५ गिगाबाइटांचा होतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, नीट चालते असे दिसल्यावर पेनड्राइव्ह जोडावा आणि 'सी'मध्ये 'शाळा दप्तर' अशा नावाचे एक पुडके करून सारे सामान त्यात परत आणावे. बिटलॉकर तहकूब केला असल्यास पुन्हा सुरू करावा.

मध्येच कोठे तबकडी 'डायनॅमिक' करावयाची काय, असे विचारले गेले, तर नकार द्यावा. जागा लगत नसताना ती जोडू पाहिली म्हणजे हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर होकारार्थी देऊन साध्या कामाची गुंतागुंत करून घेण्यात अर्थ नाही.

'एक्स्टेंड व्हॉल्यूम' मंद का दिसते

सर्वांत अधिक फसगत येथे होते. 'डी' संपूर्ण काढण्याचे भय वाटून शिक्षक तो नुसता लहान करतात. 'श्रिंक व्हॉल्यूम' ही आज्ञा त्यासाठीच आहे आणि तिने 'डी'मधील सामानास धक्का लागत नाही. परंतु जागा मोकळी होते ती 'डी'च्या उजव्या टोकाला. 'सी' आणि ती मोकळी जागा यांच्यामध्ये 'डी' उभाच राहतो. म्हणून 'सी'ची 'एक्स्टेंड' आज्ञा मंद अक्षरांत, निरुपयोगी दिसते. शेजाऱ्याने आपल्या शेताचा पलीकडचा कोपरा सोडला, तर अलीकडच्या शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग? रिकव्हरी विभाग मध्ये असला तरीही हीच अडचण येते. हा विभाग संकटकाळी विंडोज दुरुस्त करण्यासाठी असतो. अडथळा होतो म्हणून तो काढून टाकण्याची घाई करू नये.

अशा वेळी जीपार्टेडसारखे विनामूल्य साधन वापरता येते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्याच्या साह्याने मधला विभाग उजवीकडे सरकविता येतो. हे सरकविणे नोंद बदलण्याइतके सोपे नसून त्यात प्रत्येक बाइट खरोखर एका खणातून दुसऱ्या खणात उचलून ठेवला जातो. तबकडी मोठी असल्यास त्यास कित्येक तास लागतात आणि मध्येच वीज गेल्यास अर्धे पीक एका शेतात व अर्धे दुसऱ्यात, अशी अवस्था होते. दोन विभाग एका आज्ञेत जोडून देणाऱ्या खाजगी आज्ञावल्याही मिळतात. त्या 'डी'चे सामान 'सी'मधील एका पुडक्यात आणून ठेवतात. या सर्वांच्या जाहिरातीत माहिती नष्ट न होता काम होईल असे म्हटलेले असते आणि बहुधा तसे होतेही. तरी बाहेर प्रत ठेवल्याखेरीज यांपैकी कशासही हात लावू नये.

चुकून विभाग गेला तर

प्रत न घेता कोणी 'डी' काढून टाकला असेल, तर सर्वप्रथम यंत्राचे काम थांबवावे. 'सी' वाढवू नये, नवा विभाग पाडून 'फॉरमॅट' करू नये, एकही नवी फाइल साठवू नये. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर नोंद खोडली गेली तरी मजकूर जागेवर असतो, जसा वर्गातील कागदाच्या पट्टीवर नावे असतात. टेस्टडिस्क नावाचे विनामूल्य साधन तबकडीवर फिरून जुन्या हद्दीच्या खुणा शोधते आणि नोंद पुन्हा लिहू शकते. सवय नसल्यास हे काम जाणकाराकडे सोपवावे. तबकडी एसएसडी प्रकारची असेल, तर आशा फार थोडी; कारण रिकामी म्हणून कळविलेली जागा ती आतल्या आत पुसून ठेवते.

सर्व काम सुरळीत झाल्यावरही पेनड्राइव्हवरील प्रत लगेच पुसू नये. परीक्षेचे एखादे सत्र जाऊ द्यावे. न सापडणारी फाइल बहुधा निकालाच्या दिवशीच आठवते. आणखी एक लहान बाब. 'डी' हे अक्षर आता मोकळे झालेले असल्यामुळे पुढे जोडलेल्या पेनड्राइव्हला ते मिळू शकते. जुन्या कामाच्या खुणा डेस्कटॉपवर तशाच राहिल्या असतील, तर त्या दाबल्यावर संगणक शाळेचे दप्तर त्या पेनड्राइव्हमध्ये शोधू लागतो. म्हणून जुन्या खुणा काढून टाकून 'शाळा दप्तर' या पुडक्यावरून त्या नव्याने कराव्यात.